चिलखताची कडी : कारागिरीच्या मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना :
मराठी वाचकाच्या मनात चिलखत हा शब्द १० नोव्हेंबर १६५९ रोजीच्या प्रतापगड येथील भेटीशी निगडित झाला आहे. त्या कथनपरंपरेत चिलखत हे नायकाच्या सावधपणाचे प्रतीक ठरते. ते घडविणारा कारागीर मात्र कथनाबाहेरच राहतो. शस्त्रास्त्रांच्या कलासमीक्षेतही काहीशी अशीच उणीव जाणवते. सोन्याचे कोफ्तकाम, कोरीव पत्रे आणि मालकाचे नाव यांची चर्चा होते; कडीची होत नाही.

विवेचन :
रिव्हेटयुक्त कडीची घडण कष्टसाध्य आहे. लोखंडी तार गजाभोवती गुंडाळून तिची वेटोळी कापावयाची, टोके एकमेकांवर चढवून चपटी करावयाची आणि त्यांत छिद्र पाडावयाचे. कडी शेजारच्या चार कड्यांत गुंफल्यावर बारीक रिव्हेट घालून ती कायमची बंद करावयाची. एका अंगरख्यात अशा हजारो कड्या असतात आणि एक सैल रिव्हेट म्हणजे एक संभाव्य भोक. अनेक भारतीय चिलखतांत रिव्हेट केलेल्या कड्यांच्या ओळीआड अखंड कड्यांची ओळ आढळते. त्यामुळे रिव्हेटांची संख्या निम्म्यावर येते, तरी उघडे तोंड कोठेही राहत नाही. ही काटकसर कारागिराच्या बुद्धीची साक्ष होय.

याउलट एकोणिसाव्या शतकातील अनेक शोभिवंत चिलखतांत लोखंड, पितळ व तांबे यांच्या कड्यांची गंगाजमनी नक्षी असते. पण कड्यांची टोके नुसतीच भिडविलेली असतात. भाल्याच्या टोकाने त्या सहज उघडतील. ती दरबारी पोशाखाची वस्तू आहे, रणांगणाची नव्हे. केवळ अलंकरण हा निकष मानल्यास मात्र तीच श्रेष्ठ ठरते.

मोगल सैन्याने १६८९ मध्ये अदोनीचा किल्ला घेतल्यानंतर तेथील चिलखते बिकानेरचे महाराजा अनूपसिंह यांच्या शस्त्रागारात गेली. त्यांपैकी काहींवर ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी अक्षरे आहेत. ती नोंद लुटीची आहे, घडणीची नाही.

निष्कर्ष :
घडविणाऱ्याचे नाव लेखातून मिळत नसेल, तर त्याचे काम वस्तूतूनच वाचावे लागते. संग्रहालयातील परिचयपट्टीवर कालखंड व मालक यांच्यासोबत कडीचा व्यास, रिव्हेटचा प्रकार आणि ओळींची रचना नोंदविली जाणे म्हणूनच आवश्यक ठरते. अन्यथा शोभेची वस्तू आणि जीव वाचविणारी वस्तू यांतील भेदच समीक्षेला दिसणार नाही.