अपारंपरिक माध्यमांतील कला

अपारंपरिक माध्यमांतील कला : रंग, कॅनव्हास, पाषाण, ब्राँझ इ. रूढ साधनांऐवजी नित्य वापरातील, टाकाऊ वा नैसर्गिक वस्तूंतून साधलेली आधुनिक दृश्य कलानिर्मिती. पाब्लो पिकासो याने १९१२ मध्ये वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रात चिकटविले आणि चौकटीसाठी दोर वापरला. मार्सेल द्यूशाँ याने १९१७ मध्ये मुतारीचे तयार भांडे शिल्प म्हणून प्रदर्शनासाठी पाठविले. वस्तू चित्राचा घटक होऊ शकते आणि कलावंताची निवड हीच निर्मिती ठरू शकते, ही दोन सूत्रे त्यांतून पुढे आली.

वापरलेल्या वस्तूला नवे रूप देणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. मराठवाड्यात जीर्ण लुगडी, धोतरे यांचे थर टाक्यांनी जोडून वाकळ शिवतात. वाकळीत कापडाचा उपयोग पालटून टिकतो. कलाकृतीत तो थांबतो व केवळ त्याची स्मृती उरते. ही स्मृती आशयात उतरली, तरच माध्यमाची निवड सार्थ होते.

मुंबईतील काही कलाकृती या कसोटीस उतरतात. बाबरी मशिदीचा विध्वंस (१९९२) व त्यानंतरच्या दंगली यांनी व्यथित झालेल्या रूमाना हुसैन (१९५२–९९) यांनी चित्रे रंगविण्याऐवजी मातीच्या फुटक्या भांड्यांची मांडणी केली. पाणी साठविणारे घरगुती भांडे फुटणे, हीच तेथे समाज दुभंगल्याची खूण होते. अतुल दोडिया (जन्म १९५९) यांनी दुकानाच्या लोखंडी शटरांवर चित्रे काढली. ‘महालक्ष्मी’ (२००२) या कृतीत शटरवर दिनदर्शिकेतील देवी दिसते. शटर उचलताच गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. उघडझाप ही वस्तूची मूळ क्रियाच येथे अर्थवाहक बनते. शर्मिला सामंत यांनी कोका-कोलाच्या बाटल्यांची बुचे जोडून साडी घडविली (१९९९). ती नेसता येत नाही, यातच तिचा उपरोध आहे. शकुंतला कुलकर्णी यांची वेताची चिलखते स्त्रीदेहाचे रक्षण करतात आणि त्याला पिंजऱ्यातही कोंडतात.

याउलट, केवळ चमत्कृतीसाठी निवडलेली वस्तू पहिल्या आश्चर्यानंतर निस्तेज होते. शिवाय ज्यांच्या घरातील वस्तू कलादालनात येतात, ते लोक तेथे क्वचितच पोहोचतात. साधने सामान्य झाली, तरी प्रेक्षकवर्ग मर्यादितच राहिला, हा या कलेतील मूलभूत अंतर्विरोध होय.