सामाजिक शास्त्रात आपला समाज कुठंय?

नागापूरला एमआयडीसीच्या कडेनं ज्या भाड्याच्या खोल्या आहेत, तिथली दहावीतली एक पोरगी परवा पुस्तक घेऊन आली. बाप कंपनीत कंत्राटी, आई धुणीभांडी करते. पोरीचा प्रश्न साधा होता. 'दादा, आपली चळवळ कोणत्या पानावर आहे?'

पुस्तक इतिहास व राज्यशास्त्राचं, २०१८ साली आलेलं. राज्यशास्त्रात 'सामाजिक व राजकीय चळवळी' असा धडा आहे. आदिवासींची चळवळ आहे, शेतकऱ्यांची आहे, कामगारांची, स्त्रियांची, पर्यावरणाची आहे. शेवटी ग्राहकांचीसुद्धा आहे. या सगळ्या असल्याच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण दलित चळवळीला स्वतंत्र शीर्षक नाही. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडचं तळं पेटलं, १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, त्या महाराष्ट्राच्या पोरांना चळवळ म्हणजे काय ते शिकवताना ग्राहक आठवतो आणि आपण आठवत नाही. ही नुसती विसरभोळेपणाची गोष्ट नाही मित्रांनो. हिच्यामागं एक रीत आहे. ती रीत समजून घ्यायची तर आठवीपासून तीन पुस्तकं एका ओळीत ठेवून वाचावी लागतात.

आठवीच्या इतिहासात 'समतेचा लढा' हा धडा आहे. तिथं आपण आहोत. बाबासाहेब आहेत, सत्याग्रह आहे. हे खोटं पाडायचं कारण नाही. आपल्या बापांना शाळेत तेवढंही मिळालं नव्हतं. पण तो धडा स्वातंत्र्याआधीच्या काळाचा. तो बाबासाहेबांपाशी येऊन थांबतो.

मग नववी. १९६० नंतरचा भारत. इथं आपण भेटतो ते 'महिला व अन्य दुर्बल घटकांचे सक्षमीकरण' या धड्यात. शीर्षकाचं व्याकरण बघा. सक्षमीकरण कुणीतरी करतं आणि कुणाचं तरी होतं. करणारं सरकार, करून घेणारे आपण. काल लढणारा माणूस आज 'घटक' झाला, आणि तोही दुर्बल. कुणी म्हणेल, संविधानाच्या ४६व्या अनुच्छेदातही दुर्बल वर्ग हा शब्द आहे. आहे ना. पण त्याच अनुच्छेदात सामाजिक अन्याय आणि शोषण यांपासून संरक्षण द्यायचं, असंही लिहिलंय. म्हणजे दुर्बल हा जन्मानं दुर्बल नाही, त्याला कुणीतरी दुर्बल केलाय, याचा माग तिथं लागतो. धड्याच्या शीर्षकात तो माग पुसला जातो.

आणि दहावीत, जिथं माणसं स्वतः उठतात, संघटना बांधतात, रस्त्यावर येतात त्याचा धडा आहे, तिथं आपल्या नावाची पाटी नाही. म्हणजे आठवीत पुतळा, नववीत लाभार्थी, दहावीत गैरहजर. भूमिहीनांसाठी १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी केलेला सत्याग्रह, त्यात तुरुंगात गेलेली हजारो माणसं, १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यात जळालेल्या वस्त्या आणि १९९४ पर्यंत सोळा वर्षं चाललेला नामांतराचा लढा – हे सगळं 'चळवळ' या शब्दात बसत नसेल, तर शब्द चुकला की पुस्तक?

दिल्लीचं काय, असं कुणी विचारील. दिल्लीच्या एनसीईआरटीनं २००७ साली बारावीच्या राज्यशास्त्रात लोकचळवळींचा धडा घातला होता. चिपको, नर्मदा यांच्या जोडीनं दलित पँथर त्यात होती. २०२२ साली अभ्यासक्रमाचं ओझं कमी करायचं म्हणून तो अख्खा धडा उडवला. ओझं कुणाला झालं होतं, ते विचारायचं नसतं.

आता जरा आपल्याकडे बघू. हे लिहिल्याशिवाय ही टीका प्रामाणिक होणार नाही. २०१२ साली याच संस्थेच्या अकरावीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून देश हलला. शंकर यांचं १९४९ सालचं चित्र, त्यात बाबासाहेब. संसद तापली, चित्र गेलं, सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि आपल्या चळवळीचं नाव घेणाऱ्या काही पोरांनी पुण्यात विद्यापीठात जाऊन पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड केली. चित्र खटकणं मी समजू शकतो. पण ज्या बारावीच्या पुस्तकात पँथर आली, त्याचेही सल्लागार हेच दोघे होते. चित्रासाठी आपण खुर्च्या मोडल्या. धडा गेला तेव्हा आपल्यातल्या किती जणांनी साधं पत्र लिहिलं? आपण पुस्तकातला फोटो बघतो, पुस्तक वाचत नाही. प्रस्थापितांना हे पक्कं ठाऊक आहे.

भूगोलाचंही तसंच. दहावीचा भूगोल भारत आणि ब्राझील यांची तुलना करतो. आपली पोरं ब्राझीलचा पाऊस नि पिकं पाठ करतात. करू द्या. पण ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८८ साली. जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली १८७३ ला. म्हणजे फुले लिहीत होते तेव्हा तिकडं मळ्यात माणूस अजून गुलामच होता. ही सांगड वर्गात घातली, तर भूगोलाच्या तासाला पोरांच्या अंगावर काटा येईल. त्याच पुस्तकाचा पहिला पाठ 'क्षेत्रभेट' हा आहे. क्षेत्रभेट म्हणजे लांबची सहल कशाला? नागापूरची पोरं आपल्याच गल्लीत फिरोत. गटारीत कोण उतरतं, कंपनीत कायम कोण नि कंत्राटी कोण, गावाकडं मसणवट्याची वाट कुणाची वेगळी, हे वहीत मांडोत. सामाजिक शास्त्र ते हेच.

आणि हे आपल्या पोरांना झेपणार नाही, असं कुणी मास्तर म्हणाला तर त्याला मुक्ता साळवेचं नाव सांगा. १८४२ साली नगरात सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'नं १८५५ मध्ये तिचा महारमांगांच्या दुःखावरचा निबंध छापला. फुल्यांच्या शाळेतली चौदाएक वर्षांची पोर, मातंगाची. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. पेशवाईत तालमीपुढून जाणाऱ्याची काय गत व्हायची ते लिहून ठेवते. तिला ना गाइड होतं ना 'सकारण स्पष्ट करा'. तिनं सकारण स्पष्ट केलं आणि दीडशे वर्षांवर ते टिकलं.

हा चाळीस मार्कांच्या पेपरचा प्रश्न नाही. २८ एप्रिल २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात खर्ड्याला, सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. कितीतरी साक्षीदार फितूर झाले होते. फितूर होणारा माणूसही कुठल्या तरी शाळेत नागरिकशास्त्र शिकून पास झालेला असतो. समता, न्याय, बंधुता – रिकाम्या जागा भरलेला असतो. जी बंधुता पेपरात लिहिली ती साक्षीच्या पिंजऱ्यात आठवत नाही, कारण शिकवताना तिच्यात माणूस नव्हताच.

म्हणून काम सांगतो. प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यानं आठवी, नववी, दहावीची पुस्तकं विकत घ्यावीत आणि स्वतः वाचावीत. विहारात रविवारी दोन तास वर्ग घ्यावा. पुस्तकात आहे ते नीट शिकवावं, कारण पोरांना पास व्हायचंय; नाही ते जोडून शिकवावं, कारण पोरांना जगायचंय. अभ्यासक्रम बदलला की मसुदा मागवून पान नि ओळ दाखवून पाठ्यपुस्तक मंडळाला लिहावं. मोडतोडीपेक्षा त्याला जास्त वेळ लागतो. लागू दे.

त्या पोरीला मी पान दाखवू शकलो नाही. धड्याच्या शेवटी थोडी कोरी जागा होती. तिला म्हणालो, इथं लिही: दलित चळवळ. खाली तुझ्या आजीला विचारून लिही, ती कोणत्या मोर्चाला गेली होती. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा जागा पुरली नव्हती; कागद चिकटवून आणला होता.

जय भीम.