हरितद्रव्याचा शोषण-वर्णपट आणि ‘निरुपयोगी’ हिरवा प्रकाश : एक चिकित्सा

प्रकाशसंश्लेषणावरील पाठ्यपुस्तकीय प्रकरणात एक आलेख हमखास आढळतो. निळ्या व तांबड्या भागांत उंच शिखरे आणि मधल्या हिरव्या भागात खोल दरी, असे त्याचे स्वरूप असते. सोबतचे विधानही ठरलेले आहे : हरितद्रव्य हिरवा प्रकाश परावर्तित करते, म्हणून पान हिरवे दिसते आणि त्या प्रकाशाचा वनस्पतीला उपयोग नसतो. परीक्षेत याच उत्तराला गुण मिळतात. विधानाचा पूर्वार्ध ढोबळमानाने ग्राह्य आहे. उत्तरार्ध मात्र टिकत नाही.

मुळात हा आलेख पानाचा नसून द्रावणाचा आहे. ईथरमध्ये हरितद्रव्य ‘अ’ची शिखरे सुमारे ४३० व ६६२ नॅनोमीटरवर, तर ‘ब’ची ४५३ व ६४२ नॅनोमीटरवर येतात. जिवंत पानात हे रेणू प्रथिनांशी बांधलेले असल्याने शिखरे सरकतात. शिवाय द्रावणातून किरण एकदाच सरळ पार होतो; पानात तो पेशी व हवेच्या पोकळ्या यांच्या सीमांवर वारंवार विखुरतो. एका हरितलवकाने सोडलेला हिरवा किरण पुढचे एखादे हरितलवक टिपते. परिणामी पाने हिरव्या प्रकाशाचा साधारणपणे निम्म्यापासून ९० टक्क्यांपर्यंत भाग शोषून घेतात. आलेखाखाली ‘ईथरमधील अर्क’ एवढे दोन शब्द छापले असते, तरी बराच गोंधळ टळला असता.

या समजाला एंगलमान यांच्या १८८२ मधील प्रसिद्ध प्रयोगाचा आधार दिला जातो. प्राणवायूकडे धावणारे जीवाणू तांबड्या व निळ्या भागांत गोळा झाले, हे खरेच. परंतु तो प्रयोग शैवालाच्या बारीक तंतूवर झाला होता. अनेक थरांच्या पानाला तो जसाच्या तसा लावणे गैर आहे. १९७०च्या दशकारंभी मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर मोजमाप केले, तेव्हा क्रिया-वर्णपटात हिरव्या भागातील दरी बरीच उथळ निघाली.

दुसरा दोष शिखराच्या उंचीवरून उपयुक्तता ठरविण्याचा. निळ्या प्रकाशकणात ऊर्जा अधिक असते हे खरे, पण उत्तेजित रेणू अत्यल्प काळात खालच्या उत्तेजित पातळीवर उतरतो व जादा ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे निळा कण तांबड्यापेक्षा अधिक काम करीत नाही. कॅरोटिनॉइडांनी टिपलेल्या निळ्या प्रकाशाचा काही भाग तर हरितद्रव्यापर्यंत पोहोचतच नाही.

२००९ मध्ये तेराशिमा व सहकाऱ्यांनी सूर्यफुलाच्या पानांवर केलेले काम या संदर्भात निर्णायक ठरते. प्रखर पांढऱ्या प्रकाशात पानाच्या वरच्या थरातील हरितलवके संपृक्त होतात. अशा वेळी वाढीव तांबडा प्रकाश त्याच थरात अडकून वाया जातो, तर हिरवा प्रकाश खोलवर जाऊन तेथील हरितलवकांना कामाला लावतो. म्हणजेच भर उन्हात ‘निरुपयोगी’ हिरवा किरण तांबड्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो.