गाणे म्हणावे की गावे?

मराठीत गाणे 'म्हणतात'. आरती म्हणतात, अभंग म्हणतात, पाळणा म्हणतात. आपल्या भोवतालची तेलुगू 'पाट पाडते', तमिळही तसेच करते. उर्दूभाषक शेजारी 'गाना गातो'. 'गाणे' हे क्रियापद मराठीतही आहेच, परंतु घरात मुलाला आपण 'एक गाणे म्हणून दाखव' असेच सांगतो. गाणे ही आधी बोलण्याची गोष्ट आणि मग सुराची, अशी एक दृष्टी ह्या साध्या प्रयोगात दडलेली आहे. आयर्लंडच्या मूळ भाषेत, म्हणजे आयरिशमध्ये, नेमका हाच प्रयोग आढळतो. तेथील काही बोलींत गायकाला 'अबर औरान' असा आग्रह करतात. त्याचा शब्दशः अर्थ 'गाणे म्हण' असाच आहे.

दोन दूरच्या भाषांतील हे साम्य केवळ गमतीचे नाही. पारंपरिक संगीताची गोडी लागली की त्यामागची भाषाही हळूहळू येते, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. भाषेची काळजी वाटणारी मंडळी भजन, भावगीत, नाट्यपद ह्यांचे कार्यक्रम मोठ्या आशेने करतात. ही आशा कितपत खरी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आयर्लंडचा दाखला उपयोगी पडतो. कारण तेथे हा प्रयोग दोनशे वर्षे चालला आहे आणि त्याचे यशापयश दोन्ही जगासमोर आहे.

आयर्लंड आपणांस सर्वस्वी परका देश नाही. 'जन गण मन'ची चाल १९१९ मध्ये मदनपल्लीस स्वरलिपीत उतरवून घेणाऱ्या मार्गारेट कझिन्स ह्या आयरिश विदुषी होत्या. मराठीच्या बोलींचा खंड ज्या भारतीय भाषासर्वेक्षणात १९०५ साली प्रसिद्ध झाला, त्याचे संपादक ग्रियर्सन हेही डब्लिनच्या परिसरातले. परक्यांची भाषा आणि परक्यांचे सूर टिपून ठेवणाऱ्या ह्या माणसांच्या स्वतःच्या देशात मात्र सुरांचे आणि शब्दांचे नाते फार विलक्षण रीतीने तुटले.

१७९२ च्या जुलैत बेलफास्ट येथे जुन्या हार्पवादकांचा मेळावा भरला. दहा आयरिश वादक आले. त्यांतले बरेचसे वृद्ध आणि अंध. त्यांच्या चाली टिपून घेण्याचे काम एडवर्ड बंटिंग ह्या एकोणीस वर्षांच्या वादकाकडे दिले गेले. चाली वाचल्या त्या ह्या तरुणामुळे, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याने टिपले ते सूर. शब्द मिळविण्यासाठी पॅट्रिक लिंच नावाच्या आयरिश जाणकाराला पश्चिमेकडील खेड्यांत पाठविले गेले ते १८०२ मध्ये. आणि त्याने कष्टाने गोळा केलेले शब्दही बंटिंगच्या १८०९ च्या संग्रहात आले नाहीत. तेथे चालींखाली इंग्रजी कविता बसविल्या गेल्या. त्याच सुमारास टॉमस मूर ह्याने अशाच चालींवर गोड इंग्रजी गीते रचली आणि ती युरोपभर गाजली. सूर जगले, गाजले, दिवाणखान्यांत पोहोचले. ज्या भाषेच्या उच्चारांनी ते सूर घडविले होते, ती भाषा मात्र शेतमजुरांच्या झोपड्यांत राहिली. पुढे १८४५ पासून पडलेल्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देशोधडीस लागली. त्यांत आयरिश बोलणारा पश्चिमेचा भाग सर्वाधिक होरपळला.

ह्या इतिहासातील दुसरा टप्पा डग्लस हाइड ह्यांचा. हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. घरची भाषा इंग्रजी. आयरिश ते शिकले ती रॉसकॉमन परगण्यातील आसपासच्या गरीब माणसांच्या तोंडून. १८९३ मध्ये त्यांनी कॉनाख्ट प्रांतातील प्रेमगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात मूळ आयरिश शब्द होते आणि समोर इंग्रजी भाषांतर. त्याच वर्षी भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी 'गेलिक लीग' ही संस्था स्थापन झाली आणि हाइड तिचे पहिले अध्यक्ष झाले. बंटिंगने जे वगळले तेथूनच हाइडांनी आरंभ केला. गाण्याची आवड त्यांना माणसांपर्यंत घेऊन गेली आणि माणसांकडून ते भाषा शिकले; सूर मध्येच थांबला नाही. पुढे १९३८ मध्ये हेच गृहस्थ आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

तिसरे उदाहरण शॉन ओ रियाडा ह्या संगीतकाराचे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात तयार झालेला हा माणूस. पारंपरिक वाद्यांचा वृंद उभारून आणि चित्रपटसंगीतातून लोकधुना गाजवून त्याने कीर्ती मिळविली. परंतु १९६० नंतरच्या दशकात तो डब्लिन सोडून कॉर्क परगण्यातील एका आयरिशभाषक खेड्यात सहकुटुंब राहावयास गेला. तेथील गावकऱ्यांचे गायनवृंद त्याने बांधले आणि त्यांच्यासाठी आयरिश भाषेत प्रार्थनासंगीत रचले. १९७१ मध्ये अवघ्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. 'शान-नोस', म्हणजे 'जुनी रीत', ह्या साथीविना गाण्याच्या पद्धतीतील श्रेष्ठ स्पर्धा आज त्याच्या नावाने ओळखली जाते. ह्या पद्धतीत सुरांची नक्षी शब्दांच्या स्वरांवरच उमलते. गाण्यापूर्वी त्यामागची हकिकत सांगण्याचीही प्रथा आहे आणि पुष्कळदा गायक शेवटचे शब्द न गाता नुसते बोलून थांबतो. 'गाणे म्हणणे' ह्याचा अर्थ तेथे कानांनी कळतो.

आता हिशेब पाहू. आयरिश नृत्यधुना आज जगाच्या कानाकोपऱ्यात वाजतात. हैदराबादेतील तरुणांनाही त्या ठाऊक आहेत. परंतु आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत 'आयरिश बोलता येते' असे सांगणारे १८ लाख ७३ हजारांहून अधिक होते आणि शाळेबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजार. सुराची लोकप्रियता आणि भाषेचे जगणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ह्या दोन आकड्यांमधील अंतर सांगते. वाद्यावरील धून भाषेवाचून चालते. तिला शब्दांची गरजच नाही.

हे निकष घेऊन आता आपल्या अंगणात येऊ. सिकंदराबादेतील पद्मारावनगर, मारेडपल्ली ह्या भागांत तमिळ कुटुंबांची जुनी वस्ती आहे. त्यांच्या भजनसंप्रदायात मराठी अभंगास मानाचे स्थान आहे. त्याचे मूळ तंजावरात सापडते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते आणि मराठी कीर्तन तेथे रुजले. राज्य गेल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरास गेले. त्यांची कीर्तने ऐकून कृष्ण भागवतरांनी ती पद्धती आत्मसात केली आणि तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तेथील कथाकारांच्या हाती आले. ज्या मराठीला राजाश्रय उरला नव्हता, तिला कीर्तनाने आश्रय दिला. ही गोष्ट अभिमानाची खरी, पण टीकाकाराने अभिमानापाशी थांबू नये.

दाक्षिणात्य गायकाचा अभंग ऐकताना त्याची निष्ठा आणि पाठांतर ह्यांविषयी आदर वाटतो. परंतु अभंगाची रचना बोलण्याच्या लयीवर बेतलेली आहे. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. तो आखूड चौथा चरण म्हणजे वाक्य संपल्याची खूण. तेथे लांब आलाप घेतला किंवा चरण अर्ध्यावर तोडून पुढच्यास जोडला, की ताल सांभाळला जातो पण वाक्य मोडते. उच्चारांचेही तसेच. तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्यांना एकच अक्षर. म्हणून छापील पुस्तकांत त्यावर आकडे घालून भेद दाखवावा लागतो. 'चार' आणि 'चारा' ह्यांतील दोन निराळे च तर आपल्या देवनागरी लिखाणातही दिसत नाहीत. ते कानानेच शिकावे लागतात. तेलुगूत हे दोन्ही च असल्यामुळे आपले तेलुगू शेजारी तो दंततालव्य उच्चार सहज करतात, ही येथील मराठीची एक अलक्षित सोयच म्हटली पाहिजे.

'तीर्थ विठ्ठल' हा नामदेवांचा अभंग ह्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. राम फाटकांच्या चालीत तो भीमसेन जोशींनी घरोघर नेला आणि पुढे अरुणा साईराम ह्यांनी तो कर्नाटक संगीताच्या मंचावर लोकप्रिय केला. तो सीमा इतक्या सहज का ओलांडतो? त्याच्या पूर्वार्धात बहुतेक नामेच आहेत, तीही सर्व भारतीय भाषांना परिचित; क्रियापदाचे काम विठ्ठलाचे नावच करते. भाषा न जाणणाऱ्यालाही तो कळल्यासारखा वाटतो. अखेरीस मात्र संत स्वतःच्या अनुभवाचे वाक्य बोलतो, आणि ते जुन्या मराठी वळणाचे आहे. खरी मराठी तेथे सुरू होते आणि भाषा न जाणणारा श्रोता नेमका तेथे बाहेर राहतो. कन्नड हरिदासांच्या पदांत मुद्रिका बहुधा देवाच्या नावाची असते. आपल्या संतांच्या मुद्रिकेत 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' असे बोलण्याचे क्रियापद आहे. अभंग शेवटी कोणाचे तरी म्हणणे असते. भीमसेनांची मातृभाषा कन्नड. तरीही त्यांच्या अभंगात ते म्हणणे श्रोत्याला पोहोचते, कारण शब्दाचा अर्थ त्यांच्या सुराने सोडलेला नाही. म्हणजे प्रश्न मराठी घरात जन्मण्याचा नाही. भाषा मनावर घेण्याचा आहे.

नाम घेतले की पुरे, अर्थाची अट कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. भक्तीच्या अंगाने त्यास आमचे उत्तर नाही आणि असण्याचे कारणही नाही. परंतु आपण भजनाकडून भाषारक्षणाची अपेक्षा करीत असू, तर तो निकष लावावाच लागेल. तो प्रथम आपल्यालाच लावला पाहिजे. गणपतीच्या आरतीतील 'फणिवरबंधना' ह्या शब्दाचे 'फळीवर वंदना' कितीतरी घरांत होते, पुण्यामुंबईसही होते. ज्याला मराठी येते तो एखादा शब्द चुकीचा ऐकतो आणि हसून सुधारतो. ज्याला ती येत नाही त्याच्यासाठी सारी आरतीच फळीवर जाऊन बसते.

आपली स्थिती ध्यानी घेण्याजोगी आहे. १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली ह्याच नगरीत मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा मराठवाडा ह्या राज्याचाच भाग होता आणि मराठी ही येथील एक प्रमुख भाषा. १ नोव्हेंबर १९५६ नंतर मराठवाडा गेला आणि आपण राहिलो. 'नको' आणि ठासून सांगणारा 'च' हे येथील दखनीने आपल्याकडूनच घेतले. आज ते अनेकदा नातवंडांच्या दखनी-हिंदीतच अधिक ऐकू येतात. ही मुले अभंग रोमन किंवा तेलुगू अक्षरांत लिहून घेतात आणि सुरात म्हणतात. त्यांचा सूर पक्का असतो, पण अर्थ विचारला की ती आजीकडे पाहतात. आजी आहे तोवर हे चालेल.

उपाय परका नाही, आपल्याच परंपरेत आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात एकच अभंग घेऊन त्याचे शब्द उकलून सांगतात. उत्तररंगात त्यावर आख्यान रचतात. आयरिश गायक गाण्याआधी हकिकत सांगतो, त्याचे हे अधिक विस्तृत रूप. निरूपण हा कीर्तनातील भाषेचा वर्गच होता. अभंग कीर्तनातून उठून मैफलीत गेला तेव्हा त्याला उत्तम चाली आणि मोठे गायक लाभले, परंतु निरूपण मागे राहिले. आमच्या मते आपल्या कार्यक्रमांतील खरी उणीव हीच आहे. एका संध्याकाळी बारा अभंग होण्याऐवजी पाच व्हावेत. प्रत्येकापूर्वी दोनचार वाक्यांत त्याचे म्हणणे सांगितले जावे, आणि ते वक्त्याने नव्हे तर गाणाऱ्या मुलानेच, मोडक्यातोडक्या का होईना, पण स्वतःच्या मराठीत सांगावे. अभंगाची प्रत देवनागरीत त्याच्या हाती असावी. तमिळ आणि तेलुगू भजनीमंडळींनाही अशा निरूपणास अगत्याने बोलवावे. अभंग जपण्यात त्यांचा वाटा आहे, अर्थातही तो असावा. मराठी वाचणाऱ्यांना गोंडी भाषेची ओळख करून देणारे सेतुमाधवराव पगडी ह्याच राज्याच्या नोकरीत ती भाषा शिकले होते. भाषा शिकणे आणि शिकविणे ह्या दोहोंची परंपरा येथे आहे.

आयर्लंडात बंटिंगच्या वह्यांमुळे सूर टिकले. भाषा जेवढी टिकली ती हाइडांसारख्या माणसांमुळे, ज्यांना गाणे आवडले म्हणून ते म्हणणाऱ्याशी बोलावेसे वाटले. आपल्या घरांत गाणे अजून आहे आणि ते म्हणणारी, त्याचा अर्थ सांगू शकणारी माणसेही अजून आहेत. येत्या आषाढीच्या भजनात एका तरी अभंगापूर्वी आजीला दोन शब्द बोलावयास सांगावे, एवढीच आमची सूचना आहे.