शासकीय खरेदीचे बदलते नियम आणि लहान पुरवठादार : एक चिकित्सा

शासकीय खरेदी हा विषय वाणिज्य आणि लोकप्रशासन या दोन अभ्यासशाखांच्या सीमेवर येत असल्यामुळे कोणत्याही एका शाखेने तो आपला मानलेला दिसत नाही. एखादा गैरव्यवहार गाजला की खरेदीच्या नियमांची चर्चा होते व तेवढ्यापुरतीच राहते. २०१५ साली महाराष्ट्रात चिक्की खरेदीवरून वाद झाला, दरकरार पद्धतीवर टीका झाली आणि १ डिसेंबर २०१६ रोजी उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने खरेदी कार्यपद्धतीची सुधारित नियमपुस्तिका प्रसृत केली. तीन लाखांवरील खरेदीस ई-निविदा हा तिचा गाभा होता. पुढील शासन निर्णयांनी तपशिलात फेरफार केले. केंद्राची ‘जेम’ ही ई-बाजारपेठ ऑगस्ट २०१६ मध्येच सुरू झाली होती. पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले.

या बदलांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. निविदा फॉर्मच मिळू न देणे, पेटीपर्यंत पोहोचू न देणे हे जुने प्रकार ई-निविदेने कठीण केले. परंतु नियमपुस्तिका ही मुळात खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलेली आहे, विकणाऱ्यासाठी नव्हे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तिच्या मर्यादांचे मूळ येथेच आहे.

रेल्वेमार्ग व खाडी यांच्या मध्ये वसलेल्या ठाणे पूर्वेतील कोपरीसारख्या भागाचा विचार करावा. स्टेशनरी, विद्युत साहित्य वा नळसामान कार्यालयांना पुरविणारा येथील दुकानदार स्वतः उत्पादक नसतो. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदीचा केंद्राचा २०१२ चा आदेश राखीव वाटा देतो (आरंभी २० टक्के, २०१९ पासून २५ टक्के). पण तो उत्पादक व सेवा पुरवठादार यांच्यासाठी, व्यापाऱ्यासाठी नाही. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना ‘लघुउद्योग’ ही ओळख पुन्हा मिळाली, तीही केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरती. म्हणजे बँकेच्या दारात तो लघुउद्योजक ठरतो, निविदेच्या दारात ठरत नाही.

लहान कंत्राटदाराची अवस्था अधिक बिकट आहे. राज्यात लहान कामांच्या वाटपासाठी मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुला वर्ग यांचे ३३:३३:३४ असे प्रमाण ठरविण्यात आले होते. त्या पद्धतीत नावापुरत्या संस्था निघाल्या हे खरे. तथापि खरेदी हे रोजगाराचे साधन आहे, एवढी जाणीव तरी तीत होती. कोपरीच्या रेल्वेपुलाच्या रुंदीकरणासारखे मोठे काम अशा कंत्राटदाराच्या आवाक्यात येत नाही. आले तर मुख्य कंत्राटदाराच्या हाताखाली. गटारदुरुस्ती, पदपथ अशी किरकोळ कामे त्याने बयाणा व सुरक्षा ठेव भरून, पदरचे पैसे घालून करावयाची आणि देयकाची वाट पाहावयाची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमात देय रकमेस कमाल ४५ दिवसांची मुदत व विलंबास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. मात्र कामकंत्राटे या संरक्षणाच्या कक्षेत येत नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. २०२५ मध्ये थकीत देयकांसाठी राज्यभरातील कंत्राटदारांनी काम थांबविले, त्याची पार्श्वभूमी यात शोधावी लागते.

येथे एक युक्तिवाद केला जातो, की कंत्राटदार दर फुगवितो, तेव्हा विलंब त्याला सोसवतोच. हा युक्तिवाद तर्कदुष्ट आहे. देयक दोन वर्षे रखडणार हे गृहीत धरूनच दर भरला जातो. ज्याच्यामागे भांडवल आहे तो थांबू शकतो, ज्याच्यामागे नाही तो स्पर्धेतूनच बाहेर पडतो. नियम सर्वांना सारखे राहतात आणि निविदा भरणारे मात्र कमी होत जातात.

‘जेम’वर माल स्वीकारल्यापासून दहा दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. विलंब करणाऱ्या केंद्रीय कार्यालयांवर २०२० मध्ये दरमहा एक टक्का दंडव्याज लावण्याचे ठरले, ही बाब स्वागतार्हच. परंतु ती रक्कम विक्रेत्याला द्यावयाची नसून ‘जेम’च्या खात्यात जमा करावयाची होती.