‘गाझरिन’ : एका अरामी शब्दाचा अर्थनिर्णय

दानीएलच्या ग्रंथातील २:४ पासून ७:२८ पर्यंतचा भाग हिब्रूत नसून अरामी भाषेत आहे. बाबेलच्या दरबारी विद्वानांच्या तेथील याद्यांत ‘गाझरिन’ हा शब्द चार वेळा येतो (२:२७, ४:७, ५:७, ५:११). काही इंग्रजी भाषांतरांनी त्यासाठी ‘ज्योतिषी’ या अर्थाचा पर्याय योजला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या पर्यायास शब्दाच्या घडणीत काहीही आधार नाही.

याच यादीतील ‘अशाफ’ हा अक्कादी ‘आशिपु’वरून आला, ‘हर्तोम’ मूळचा इजिप्तचा. ‘गाझरिन’ मात्र अरामीच्या स्वतःच्या ‘ग-झ-र’ या धातूपासून घडला आहे. धात्वर्थ, कापणे. परंतु काय कापणे? जेरोमने लॅटिनमध्ये पशूंची आतडी पाहून शकुन सांगणाऱ्यांचा शब्द वापरला. कल्पना आकर्षक खरी. पण मेंढीचे यकृत तपासणाऱ्या बाबिलोनी तज्ज्ञाचे नाव ‘बारू’, म्हणजे ‘पाहणारा’, असे होते. थिओडोशनच्या नावे असलेल्या ग्रीक पाठात तर शब्दाचे केवळ लिप्यंतर आढळते. तो मार्ग निदान प्रामाणिक होता.

उत्तर ग्रंथातच शोधावे लागते. स्वप्नातील पाषाण मानवी हातांवाचून ‘कापला’ जातो (२:३४), तेथे हाच धातू आहे. आणि राजाविरुद्धचा स्वर्गीय निर्णय (४:१७) म्हणजे ‘गझेरा’, हेही त्याच धातूचे रूप. कापण्यापासून ठरविण्याकडे अर्थ सरकला आहे. तेव्हा गाझरिन हे दैवाचा निर्णय सांगणारे ठरतात, आणि नेमका तो निर्णयच त्यांना वाचता येत नाही! ‘ज्योतिषी’ म्हटल्यास हा उपरोध नाहीसा होतो. ‘दैवज्ञ’ जवळचा आहे, पण त्यात ज्ञान आहे, निर्णय नाही. शिवाय मराठीत तो ज्ञातिवाचकही आहे.

कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या ‘नबोनिदसची प्रार्थना’ या त्रुटित अरामी लेखाने प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. तेमा येथे सात वर्षे व्याधिग्रस्त असलेल्या राजाच्या कथेतील ‘गझर’ हा स्वतः यहुदी आहे. पापक्षमेचा उल्लेख असलेल्या ओळीचा अन्वय वादग्रस्त असला, तरी द्युपाँ-सोमेर यांनी येथे भूतबाधा उतरविणारा असा अर्थ घेतला. मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. ‘तोडणे’ या क्रियापदाशेजारी आपल्याकडेही ‘तोडगा’ आहे. तो मांत्रिक उपाय असतो आणि वादावरचा निकालही. अर्थात हे साम्य पुरावा नव्हे. दानीएलपुरते मात्र ‘दैवनिर्णायक’ हा शब्द, कानाला थोडा जड वाटला तरी, अधिक न्याय्य आहे; कारण त्यामुळे दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायांतील धातुसंबंधाची खूण भाषांतरात टिकते.