कोल्ह्याला मरू न देणारी चित्रपट्टी

आमच्या अभ्यासमंडळात मी अंकल रीमसच्या कथांविषयी बोललो, तेव्हा एका विद्यार्थी मित्राने विचारले, "सर, प्राण्यांच्या गमतीजमतीत तुम्ही वर्ण आणि जात कशाला शोधता?" प्रश्न प्रामाणिक होता. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, ते इथे देतो.

अमेरिकेतील जॉर्जियात, ईटनटन गावाजवळच्या टर्नवोल्ड मळ्यावर, १८६२ साली जोएल चँडलर हॅरिस नावाचा गरीब गोरा मुलगा छापखान्यात उमेदवारीला लागला. तिथल्या गुलामांच्या झोपड्यांत बसून त्याने ज्या कथा ऐकल्या, त्या पुढे अटलांटाच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या वृत्तपत्रात लिहिल्या. १८८० साली त्यांचे पुस्तक झाले. कथा सांगायला त्याने अंकल रीमस हा म्हातारा उभा केला. मालकाच्या घरावर माया करणारा हा कृष्णवर्णीय म्हातारा कथा सांगतो, त्याही गोऱ्या लेकराला. झोपडीतला श्रोता इथेच हद्दपार झाला.

१४ ऑक्टोबर १९४५ रोजी याच कथांवरची डिस्नेची रविवारची चित्रपट्टी सुरू झाली. 'साँग ऑफ द साउथ' हा चित्रपट तिच्यानंतर वर्षभराने आला. त्यात मालक आणि चाकर यांचे नाते गोडगुलाबी रंगवले, म्हणून कृष्णवर्णीयांच्या संघटनेने जाहीर निषेध केला. चित्रपटावर वाद झडले. चित्रपट्टी मात्र ३१ डिसेंबर १९७२ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, चालू राहिली. (त्याच वर्षी मुंबईत, तिकडच्या ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन, दलित पँथर जन्मली.)

मूळ कथांतला ससा, ब्रेर रॅबिट, म्हणजे ससेभाऊ, हा काही गोंडस प्राणी नव्हे. तो दुबळा आहे, लबाड आहे आणि प्रसंगी क्रूरही आहे. गुलामाच्या ताटात मांस मोजून पडत होते. म्हणून या कथांत सारखी खाण्याचीच गोष्ट. लांडग्याला तो पेटीत कोंडून वरून उकळते पाणी ओततो. हॅरिसच्या पहिल्याच पुस्तकात कोल्हा मरतो! सशाच्या डावाने तो शेतकऱ्याच्या हातून मारला जातो, आणि ससा त्याचे मुंडके गाईचे मांस म्हणून त्याच्याच बायकोकडे शिजवायला देतो. अंगावर काटा येतो. पण ज्याच्या पाठीवर चाबूक ओढला जात होता, त्याने रात्री शेकोटीपाशी हे ऐकताना काय अनुभवले असेल?

चित्रपट्टीला हे परवडत नाही. तिचा धंदाच असा, की पात्र संपता कामा नये. पुढच्या रविवारी तोच कोल्हा हवा, तेच अस्वल हवे आणि तोच वाचक हवा. त्यामुळे ससा कितीदा जिंकला तरी काही बदलत नाही. शत्रूचा शेजारी होतो, भुकेची खोडी होते. पकडलेला ससा कोल्ह्याला विनवतो, की भाजून काढ, फासावर दे, कातडी सोल, पण त्या काटेरी झुडपात टाकू नको. ऐकणाऱ्या गुलामाला यातली प्रत्येक शिक्षा ठाऊक होती. आणि त्या काट्यांतच आपण वाढलो, हेही! गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला हा डाव समजावून सांगावा लागत नाही. रविवारच्या रंगीत पानात मात्र त्याची नुसती गंमत उरते.

चित्रकारांना मी दोष देत नाही. पॉल मरी, डिक मूर्स यांची रेषा चपळ होती. पण पानावर नाव वॉल्ट डिस्नेचे. कथा झोपडीतल्यांच्या, शब्द हॅरिसचे, रेषा पगारी चित्रकारांची, सही मालकाची. आपल्याकडे तमाशाची ढोलकी पडद्यावर गेली तेव्हा ती वाजवणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, ते वाचकांना ठाऊक आहे.

त्याच ईटनटन गावात १९४४ साली ॲलिस वॉकर जन्मली. हॅरिसने आपला वारसा चोरला, असा आरोप तिने १९८१ मध्ये उघडपणे केला. मला तो आरोप पटतो. पण कथा टाकून द्याव्यात, हे पटणार नाही. १९८७ मध्ये ज्युलियस लेस्टर या कृष्णवर्णीय लेखकाने त्या पुन्हा सांगायला घेतल्या, आणि चित्रे जेरी पिंकनी या कृष्णवर्णीय चित्रकाराने काढली. रीमसचे नाव ठेवले, पण ते मालकधार्जिणे म्हातारपण गेले.

ते पुस्तक मी त्या विद्यार्थी मित्राला दिले आहे. पुढच्या बैठकीत तो त्यावर बोलणार आहे.